कनेक्टेड, पण नेट नाही

परभणी जंक्शन. देवगिरी लेट आहे, किती ते कोणालाच माहीत नाही. तुम्ही बाकड्यावर लॅपटॉप उघडता, स्टेशनचं वाय-फाय सापडतं, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. क्लिक करता, "कनेक्टेड" येतं, आणि शेजारी ते पिवळं चिन्ह: नो इंटरनेट.

मग आपण काय करतो? वाय-फाय बंद-चालू. लॅपटॉप रीस्टार्ट. नेटवर्क "फरगेट" करून परत जोडणं. फारच चिडलो तर ड्रायव्हर काढून परत टाकणं. शेजारचे काका सांगतात, "अहो, त्या खांबापाशी जाऊन बघा." यातलं काहीही लागू पडत नाही, कारण बिघाड काहीच झालेला नसतो. लॅपटॉप ठीक, रेडिओ ठीक, राउटर ठीक. तुम्ही फाटकावर उभे आहात आणि फाटक बंद आहे, एवढंच. हे फाटक तिथे कोणी आणि का बसवलं याची गोष्ट मला ड्रायव्हरपेक्षा जास्त रंजक वाटते. आणि गंमत म्हणजे तिचा महत्त्वाचा भाग घडला तो आपल्याच राज्यात, सानपाड्यात.

पण आधी एक साधा प्रश्न. इंटरनेट नाही हे लॅपटॉपला कळतं कसं?

विंडोज व्हिस्टा आली २००७ मध्ये. (हो, तीच. तिला शिव्या घातल्याशिवाय आमच्या पिढीतला कोणी इंजिनियर झाला नसेल.) तिच्यात मायक्रोसॉफ्टने एक छोटी युक्ती घातली. नेटवर्क जोडलं की मशीन गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका सर्व्हरवरून एक चिमुकली टेक्स्ट फाईल मागवतं. तिच्यात दोनच शब्द. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे, नाही आले तर पिवळं चिन्ह. विंडोज १० मध्ये सर्व्हर बदलला, दोनाचे तीन शब्द झाले, पण पद्धत तीच राहिली. अँड्रॉइड तर त्याहून कंजूष. ते गूगलच्या सर्व्हरला विचारतं आणि उत्तर अपेक्षित असतं फक्त २०४, म्हणजे "मजकूर काही नाही". मजकूर आला की अँड्रॉइड ओळखतं, मध्ये कोणीतरी बसलंय.

हा मध्ये बसलेला म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टल. तुम्हाला आयपी पत्ता देतो, गेटवे दाखवतो, गेटवेला पिंग केलं तर बऱ्याचदा उत्तरही येतं. पण तुम्ही बाहेरचं कुठलंही पान मागा, उत्तर म्हणून तो स्वतःचंच पान पुढे करतो: मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका. सरळ शब्दांत सांगायचं तर तो तुमच्या लॅपटॉपशी खोटं बोलतो. तुम्ही विचारलं बातम्यांचं पान, तो म्हणतो "हे घ्या", आणि हातात देतो लॉजचं रजिस्टर.

पूर्वी हे खोटं खपून जायचं, कारण बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर होत्या. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस. ब्राउझर समोरच्याकडे प्रमाणपत्र मागतो, पोर्टलकडे त्या साइटचं प्रमाणपत्र कुठून असणार? मग लॉगिनचं पान येण्याऐवजी लाल रंगाची धमकी येते किंवा नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून पहिला उपाय: ब्राउझरमध्ये मुद्दाम एखादी साधी, "एस" नसलेली साइट उघडा. नेव्हर एसएसएल डॉट कॉम नावाची साइट याच कामासाठी आहे. ती उघडायला गेलात की बहुतेक वेळा फाटकवाला समोर येतो.

(मात्र आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ते दुखणं वेगळं. तिथे राउटरने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच एक कामचलाऊ घेतलाय. तेव्हा मात्र बंद-चालू करण्यात अर्थ आहे.)

आता फाटकाचा इतिहास. २००१ च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काही हौशी मंडळींनी "नोकॅट" नावाचा गट काढला. घरचं इंटरनेट शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाय-फायवरून वाटायचं, ही कल्पना. पण वाटताना थोडी शिस्त हवी, ओळखीच्याला जास्त वेग, परक्याला कमी. त्यासाठी त्यांनी लिहिलेलं नोकॅटऑथ हे या प्रकारातल्या सुरुवातीच्या खुल्या सॉफ्टवेअरपैकी एक. हॉटेलं आणि विमानतळांनी हीच कल्पना वापरली पैसे घ्यायला. म्हणजे तिकडे फाटक आलं ते वाटण्यासाठी आणि विकण्यासाठी. आपल्याकडे त्याला तिसरंच काम लागलं.

आपल्याकडे बिनतारी म्हटलं की सरकार आधी परवाना विचारणार, ही सवय जुनी. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा असा होता की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन दरवर्षी भरावं लागायचं. आकाशवाणी परभणीवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा तरी सेटचं पुस्तक हवं! ऐंशीच्या दशकात ते लायसन गेलं, पण कायदा तसाच राहिला. (त्याची जागा घ्यायला नवा दूरसंचार कायदा झाला तो थेट २०२३ मध्ये.)

त्या पार्श्वभूमीवर जानेवारी २००५ ची अधिसूचना म्हणजे मोठीच गोष्ट होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रं परवान्यातून मुक्त झाली. राउटर आणा, लावा, वापरा, कोणाला विचारू नका. दोन वर्षं आधी इंटेलचं सेंट्रिनो आलं होतं, नव्या लॅपटॉपात वाय-फाय आतच यायला लागलं होतं. पुण्या-मुंबईत घरोघरी राउटर लागले, आणि त्यातले कित्येक पासवर्डविना. तेव्हा ते कोणाला गैर वाटत नव्हतं. शेजाऱ्याने वापरलं तर वापरलं, पाण्याचा नळ थोडाच आहे!

हे सुख साडेतीन वर्षं टिकलं.

२६ जुलै २००८ ला संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी मेलचा आयपी पत्ता काढला, तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधला. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले, देशभर बातम्या झाल्या. पुढे स्पष्ट झालं की त्याचा या मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं.

इथे इंजिनियर म्हणून क्षणभर थांबावंसं वाटतं. घरातल्या राउटरमागे दहा मशीन असली तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो. तपास त्या पत्त्याचा हात धरून घराच्या दारापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. त्या दिवशी रेंजमध्ये कोण होतं, खाली रस्त्यावर गाडीत बसून कोणी लॅपटॉप उघडला होता, हे त्या पत्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याच्या नावावर बिल, त्याच्याच दारावर थाप.

यानंतर तसंच आणखी दोनदा झालं. २३ ऑगस्टला मेल गेला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी केलेल्या अटकांमध्ये पुण्यात नोकरी करणारा एक सॉफ्टवेअर इंजिनियरही होता. आपल्याच धंद्यातला. त्या आठवड्यात पुण्याच्या आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये काय बोलणी चालली असतील याची कल्पना करा.

मग २६/११ झालं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन वस्त्यांमधून उघडी वाय-फाय शोधत फिरायला लागले. आणि २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना एक पत्र पाठवलं. आशय असा: वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटली पाहिजे. सार्वजनिक जागी दोनच मार्ग. एक तर फोटो ओळखपत्राची प्रत घेऊन वर्षभर जपून ठेवा. किंवा मोबाईलवर एसएमएसने लॉगिन पाठवा आणि तो नंबर वर्षभर नोंदवून ठेवा.

झालं. परभणी स्टेशनवर तुमच्यासमोर उघडणारी ती चौकट म्हणजे हे पत्र. कोणा डिझायनरने ठरवलेली ती चौकट नाही.

दुसरा मार्ग जिंकणार हे उघडच होतं. झेरॉक्स कोण सांभाळणार? एसएमएस पाठवणं स्वस्त, आणि सिमकार्ड घेताना तुम्ही फोटो, पत्ता, सही दिलेलीच असते. म्हणजे वाय-फायवाल्याने स्वतःचं रजिस्टर न ठेवता सिम विकणाऱ्या दुकानदाराचं रजिस्टर उसनं घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलने मुंबई सेंट्रलला मोफत वाय-फाय सुरू केलं ते याच पद्धतीने. जून २०१८ पर्यंत अशी ४०० स्टेशनं झाली. गूगल २०२० मध्ये यातून बाहेर पडलं, रेलटेल चालू राहिलं आणि मे २०२१ मध्ये ६,००० वं स्टेशन जोडलं. आडबाजूच्या स्टेशनांवरही वाय-फाय पोचलं, आणि त्याच्यासोबत ते २००९ चं पत्रही.

माझं मत विचाराल तर २००८ चं दुखणं खरं होतं, औषध मात्र अर्धवट. नंबर कळला म्हणजे माणूस कळला असं नाही, नंबर कळला म्हणजे सिम कोणाच्या नावावर आहे ते कळलं. सानपाड्यात बिलाच्या नावाने जी गल्लत केली तीच सिमच्या नावाने होऊ शकते. आणि फाटकाबाहेर राहतो तो कोण? ज्याच्याकडे भारतीय नंबर नाही असा परदेशी पाहुणा. ज्याचा रिचार्ज संपल्यामुळे एसएमएस येत नाही असा पोरगा, ज्याला खरं तर मोफत वाय-फायची सगळ्यात जास्त गरज आहे. ट्रायनेही २०१७ मध्ये सार्वजनिक वाय-फायबद्दल शिफारशी करताना दर वेळी ओटीपीची ही कटकट कमी करायला सांगितलं. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-वाणी मंजूर केली. तिच्यात ॲपवर एकदाच ओळख पटवायची आणि कुठल्याही दुकानाच्या वाय-फायवर जायचं. फाटक तसंच आहे, फक्त पास एक झाला.

आता कामाचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-हैदराबादची अर्धी आयटी गावी आली. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या घरांत ऑफिसचे लॅपटॉप पोचले, आणि पुढे स्टेशनांवर, हॉटेलांतही उघडायला लागले. या लॅपटॉपांचा एक खास आजार आहे. फोनवर तेच वाय-फाय चालतं, ऑफिसच्या मशीनवर लॉगिनचं पानच येत नाही. कारण ऑफिसचं व्हीपीएन म्हणतं, मी जोडला गेल्याशिवाय एकही पाकीट बाहेर जाणार नाही. फाटक म्हणतं, ओटीपी दिल्याशिवाय व्हीपीएन जाणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तुम्ही मध्ये. कंपनीच्या ॲडमिनने पोर्टलसाठी सवलत ठेवली नसेल तर वैतागू नका, सरळ मोबाईलचं हॉटस्पॉट लावा.

स्वतःच्या मशीनवर डीएनएस हाताने ८.८.८.८ टाकलं असेल तर ते काढून "ऑटोमॅटिक" करा. काही पोर्टल्स डीएनएसमध्येच खोटं बोलतात, तुम्ही त्यांना विचारलंच नाही तर ते बोलणार कसे? घड्याळही बघा. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी मेली की तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि मग फाटकवाल्याचं स्वतःचं खरं प्रमाणपत्रसुद्धा खोटं ठरतं.

आणि काल ओटीपी दिला होता, आज परत का मागतोय, असं वाटत असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये "रँडम हार्डवेअर ॲड्रेस" बघा. दुकानं आणि मॉल तुमचा माग काढतात म्हणून विंडोजने ही सोय दिली. ती "रोज बदला" वर असेल तर तुमचा लॅपटॉप रोज सकाळी नवा चेहरा घेऊन फाटकावर जातो. फाटकवाला म्हणतो, तुम्हाला कधी पाहिल्याचं आठवत नाही, नंबर सांगा.