रोजची मंडई

यंदाच्या सहलीसाठी मंडईचे नाव निघाले तेव्हा आपल्या मंडळाच्या सभेत चांगलाच हशा पिकला. “अहो, भाजीला जातो तिथे सहल कसली?” असे एका भगिनीने विचारले, आणि प्रश्न रास्तच होता. पुण्यात जन्म काढलेल्या आपण बायका मंडईत शेकडो वेळा गेलो असू. पण आपले डोळे नेहमी वांग्यांच्या पाटीवर आणि तागडीच्या काट्यावर. मान वर करून त्या इमारतीकडे पाहिले आहे कोणी? म्हणून एका सकाळी आम्ही अकराजणी मुद्दाम पिशव्या न घेता निघालो. (पिशव्या न्यायला हव्या होत्या, हे पुढे कळलेच.)

मधोमध अष्टकोनी उंच मनोरा, आणि त्याच्यापासून चहूकडे पसरलेल्या, उतरत्या छपरांच्या लांबलचक पडव्या. विलायतेतील एखाद्या देवळासारखी ही वास्तू भाजी विकण्यासाठी बांधली, याचे पहिल्याने नवल वाटते. कर्नल वॉल्टर ड्युकॅट यांनी तिचा आराखडा केला आणि रावबहादूर वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती बांधली. १८८६ साली ती उघडली, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव पडले ‘रे मार्केट’. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरे. डोक्यावर आभाळ, पायाखाली धूळ. पावसाळ्यात तर चिखलच. तेव्हा छप्पर मिळाले ही सोय मोठीच झाली, यात शंका नाही.

पण ही सोय नको म्हणणारा एक माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन १८८० साली पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावयाचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा घालण्यालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे. बाजाराचा त्यांना तिटकारा होता असे मात्र कोणी समजू नये. त्यांचे वडील गोविंदराव यांचे भाजीचेच दुकान होते आणि घराण्याचे ‘फुले’ हे नाव फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. भाजी पिकविणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हाती काय उरते, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो त्याच जाणिवेने.

मंडई व्हावयाची ती झालीच. पुढे आचार्य अत्रे १९३८ साली नगरपालिकेत निवडून आले, आणि त्यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’चे ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव! जोतीरावांना हे आवडले असते की नाही, यावर आमच्यात तिथेच, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभ्याउभ्या वाद झाला. माझ्या मते आवडले नसते. एका भगिनीचे म्हणणे असे की, गव्हर्नरसाहेबाचे नाव जाऊन माळ्याच्या मुलाचे आले, एवढे तरी त्यांना नक्कीच रुचले असते. तिचेही खोटे नव्हे.

आवारातच लोकमान्यांचा पुतळा आहे. जुलै १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. टिळक आणि फुले, दोघांचे विचार दोन टोकांचे. आणि तरीही १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी रामशेठ उरवणे यांना पुढे केले ते जोतीरावांनीच. दोघे आता एकाच बाजारात शेजारी आहेत, एक पुतळ्याने आणि एक नावाने.

मंडईच्या कट्ट्यावर रंगणाऱ्या राजकारणाच्या गप्पांना पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत. त्या गप्पा पुरुषांच्या. बायका आत ओट्यावर बसून चुका-चाकवताच्या जुड्या बांधीत होत्या, त्यांचे कौतुक कोणी लिहून ठेवले नाही. घाऊक बाजार पुढे गुलटेकडीला गेला; सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले; पण किरकोळीचे गाळे अजून गजबजलेले आहेत.

अशाच एका गाळ्यावरच्या मावशींपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. त्यांच्या सासूबाई याच जागी बसत. मावशींचे वय सत्तरीपुढचे. “दरवाजावर काय नाव आहे ठाऊक आहे का, मावशी?” आमच्यातल्या एकीने उत्साहाने विचारले. “मंडई,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मला वाचता येत नाही बाई. नातीला येतं. ती कॉलेजात आहे.”

आमची ती मैत्रीण एकदम गप्प झाली. मीही गप्पच झाले, कारण नगरपालिकेतला तो विरोध मला तोवर केवळ इतिहासातला वाद वाटत होता. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा इथून पायी काही मिनिटांवर. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये उतरविला, तिथे स्मारक व्हावयाचे आहे. त्या शाळेपासून या ओट्यापर्यंत अक्षर पोहोचावयास मावशींच्या नातीची पिढी उजाडावी लागली.

परत निघताना मावशींनी विचारले, “घेणार काही, का नुसतंच बघायला आलात?” मग अकराजणींनी मिळून सात जुड्या चाकवत आणि दोन किलो घोसाळी घेतली, आणि पिशव्या नसल्यामुळे ती पदरात बांधून घरी आणली.