एड्स-शुश्रूषा आणि संयुक्त प्रशिक्षणाचा उगम

आरोग्यसेवेतील निरनिराळ्या व्यवसायांच्या शिक्षणाची दालने परंपरेने स्वतंत्र राहिली आहेत. डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात, परिचारिका शुश्रूषा-विद्यालयात, तर औषधनिर्माता आपल्या वेगळ्या संस्थेत शिकतो. त्यांची खरी गाठ पडते ती रुग्णाच्या खाटेपाशी, आणि तीही बहुधा आज्ञा देणारा व आज्ञा पाळणारा या नात्याने. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना ज्या कारणांनी शिथिल झाली, त्यांत एड्सच्या साथीचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभव या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

या विकाराची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. एच.आय.व्ही. विषाणूचा शोध १९८३ मध्ये लागला, रक्तचाचणी १९८५ मध्ये उपलब्ध झाली, आणि झिडोव्ह्यूडिन या पहिल्या औषधास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. मधल्या काळात मूळ विकारावर डॉक्टरांजवळ उपाय नव्हता. भीती मात्र सर्वत्र होती. अनेक रुग्णालयांत जेवणाचे ताट रुग्णाच्या दाराबाहेरच ठेवले जाई. अशा वेळी, जुलै १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये ‘५ बी’ हा १२ खाटांचा कक्ष उघडला गेला. त्याची उभारणी क्लिफ मॉरिसन या परिचारकाने केली. तेथील परिचारिका स्वेच्छेने आल्या होत्या, आणि शांती प्रोजेक्ट या संस्थेचे समुपदेशक कक्षातच काम करीत. रोग बरा करणे शक्य नसल्यामुळे वेदना शमविणे, स्पर्शाने धीर देणे, आप्त कोणास मानावे हे रुग्णाने स्वतः ठरविणे, या गोष्टींना उपचाराचे मोल आले. डॉक्टरांच्या ज्ञानाची मर्यादा उघड होताच परिचारिका व समुपदेशक यांचे ज्ञान समान पातळीवर आले. संयुक्त प्रशिक्षणाचे बीज या समतेत आहे. ते कोणत्याही शिक्षणशास्त्रीय सिद्धान्तातून उगवलेले नाही.

तथापि ही पद्धती निर्विवाद नव्हती. काही परिचारिकांनी हातमोजे व मुखपट्टी वापरण्याचा हक्क मागितला, आणि त्यांची भीती केवळ पूर्वग्रह म्हणून बाजूस सारता येत नाही. १९८७ मध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजूनच दक्षता घ्यावी, असा सर्वसामान्य नियम सांगितला. शल्यचिकित्सक, दंतवैद्य, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, सफाई कामगार या सर्वांना तो सारखाच लागू होता. व्यवसायभेद ओलांडणारा हा पहिला सामाईक पाठ होय.

त्याच वर्षी अमेरिकेत एड्स शिक्षण व प्रशिक्षण केंद्रांची योजना सुरू झाली, आणि १९९६ मध्ये ती रायन व्हाइट कायद्याच्या कक्षेत आली. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य व औषधनिर्माते यांना तिने शिक्षण दिले. परंतु अनेकांना शिकविणे निराळे आणि अनेकांनी एकमेकांपासून शिकणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ व २०१० च्या अहवालांत जे प्रतिपादन केले, त्याचा गाभा हाच आहे : एका वर्गात बसल्याने संघ तयार होत नाही.

१९९६ नंतर संयुक्त औषधोपचाराने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याबरोबर डॉक्टरांचे जुने वर्चस्व परत येईल, अशी शंका साहजिक होती. पण हा उपचार आजन्म आणि नेमाने घ्यावयाचा असल्यामुळे औषधनिर्माता व समुपदेशक यांची गरज उलट वाढली. भारतात १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत शासनाने मोफत उपचार सुरू केला. त्या केंद्रांची घडणही डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, औषधनिर्माता व तंत्रज्ञ अशी संघरूप आहे.

सारांश, एड्सच्या क्षेत्रात सहकार्य आधी घडले आणि अभ्यासक्रम मागाहून आला. ज्या समान अज्ञानाने व समान भीतीने ‘५ बी’तील माणसांना एकत्र आणले, ते आज उरलेले नाही. त्या परिस्थितीने जी समता दिली, ती परिस्थिती पालटल्यावर जाणीवपूर्वक शिकवावी लागते. संयुक्त प्रशिक्षणाची खरी कसोटी येथेच आहे.