डुलॅली : इंग्रजांच्या वेडाला नाशिकजवळच्या गावाचे नाव

इंग्रजीत एखाद्याचे डोके फिरले, की तो ‘डुलॅली’ झाला असे म्हणतात. शब्द ऐकायला गमतीशीर आहे, पण त्याचा उगम थेट आपल्या नाशिकजवळ आहे. डुलॅली म्हणजे देवळाली! ‘ळ’ काही इंग्रजी जिभेला वळला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कराने येथे छावणी उभारली. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई थळ घाट चढून आगगाडीने येथे येत आणि पुढे देशभर पांगत. परतीचा मार्गही हाच. सेवेची मुदत संपलेला शिपाई देवळालीत येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाही.

खरी गोम या वाट पाहण्यातच होती. सैनिकी जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करीत. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपे, त्याला पुढच्या जहाजासाठी कित्येक महिने तिष्ठत बसावे लागे. नोकरी संपलेली, घर हजारो मैल दूर, हाताला काम नाही, वर उन्हाळा. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली माणसे येथे दारूच्या आहारी जात, कोणी तुरुंगात जाई, तर कोणाचे भान सुटे. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या रिकामपणाचे दर्शन घडवले आहे. देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून हा शब्द रूढ झाला, अशी सोपी व्युत्पत्तीही सांगितली जाते. मात्र माणसाला पोखरायला नुसती प्रतीक्षाही पुरेशी होती.

शिपायांच्या बोलीत मूळ शब्दप्रयोग होता ‘डुलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे बहुधा आपला ‘ताप’. हा शब्द मराठीत आहे तसा हिंदुस्तानीतही. त्यामुळे शिपायाने तो नेमका कोणाच्या तोंडून उचलला, हा वाद व्यर्थ आहे. देवळालीचा ताप, म्हणजे डोक्याला चढलेला ताप. ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

हे शिपाई मायदेशी परतले आणि सोबत शब्दही गेला. पुढे ‘टॅप’ गळून पडला, शब्दातली वेदनाही ओसरली. आज इंग्लंडमध्ये विसरभोळ्या आजोबांनाही कोणी थट्टेने डुलॅली म्हणते. इकडे देवळालीत आता भारतीय लष्कराच्या तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि स्थानकाच्या फलकावर गावाचे नाव ‘ळ’सकट शाबूत आहे.