फुरसे आणि मिठबावचा सडा

देवगड-मालवण किनाऱ्यावर सर्पदंशाला 'पान लागलं' असे म्हणतात. रात्री जनावराचे नाव घ्यायचे नाही, ही रीत इथे जुनी. मिठबावसारख्या गावात हे पान बहुतेकदा फुरशाचे असते. कातळाचा सडा, त्यावरचे गवत, चिऱ्यांचे गडगे आणि कलमांखाली साठलेला पातेरा अशा सगळ्या जागा त्याला मानवतात. फुरसे हातभराहून फारसे लांब नसते. डिवचले तर आठाच्या आकड्यासारखे वेटोळे घालून अंग अंगावर घासते आणि करवतीसारखा खरखर आवाज करते. तो आवाज ऐकू आला तर माणूस सावध होतो. पण गवत कापताना हात थेट त्याच्यावर पडला, की तेवढी उसंत मिळत नाही.

हा किनारा पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीतील सर्पदंशाचे मृत्यू पाहून इंग्रज सरकारने फुरसे मारणाऱ्याला इनाम लावले. 1862 च्या डिसेंबरात ते वाढवताच आठवडाभरात लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. तरीही दंश थांबले नाहीत. फुरसे अंडी न घालता थेट पिले देते, आणि सड्यावरच्या भेगा कुणी बुजवू शकत नाही. पुढे जी. डब्ल्यू. व्हिडाल या अधिकाऱ्याने 1890 मध्ये, एवढ्याशा सापाच्या जीवघेणेपणाचा प्रश्न बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला.

फुरशाचा घात संथ असतो. चावल्यावर जागा सुजते, दुखते. पण माणूस चालतो, बोलतो. विष रक्ताची गोठण्याची शक्तीच हरवून टाकते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. मृत्यू कधी कधी काही दिवसांनी येतो. या संथपणामुळेच मांत्रिकाचे फावले. दंशात विष थोडे उतरले, तर माणूस आपोआप सावरे आणि श्रेय मंत्राला जाई. विष पुरेसे उतरले असले, तर तोवर वेळ निघून गेलेली असे. घट्ट बांधलेली दोरी आणि ब्लेडने घेतलेली चीर यांनीही नुकसानच होई, कारण न गोठणारे रक्त त्या चिरेतून वाहतच राही.

खरा उतारा आला तो घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या प्रतिविषाने. मुंबईची हाफकिन संस्था ते तयार करू लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चौघांवर ही एकच लस चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. फुरशासाठी तिची ताकद मोजलेली आहे: एक मिलिलिटर लस 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. लस द्यायची की नाही, हे ठरवणारी तपासणी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष अंगात भिनले आहे. यंत्र नाही, वीज नाही. मिठबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणीही ती होते. आडगावांच्या दृष्टीने या नळीइतके मोलाचे दुसरे साधन क्वचितच असेल.

सर्पदंशाची सार्वजनिक आरोग्यात गणती मात्र उशिरा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तो दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घेतला. भारताने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती योजना आणली, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले. तोवर रुग्णालयापर्यंत न पोचलेला माणूस सरकारी आकड्यांत बहुधा येत नसे. हापूसच्या बागेत पातेरा गोळा करणाऱ्याच्या पायात बूट आणि रात्री राखणीला जाणाऱ्याच्या हातात विजेरी, एवढी काळजी घेतली तरी यातले कितीतरी दंश होणारच नाहीत.