हन्नेचा नवस आणि आपल्या आज्या

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आपल्या मशिदीत हन्नेची कथा वाचली जाते. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना तिला टोचून बोलते. नवरा एलकाना जीव लावतो, पण तिचे दुःख काही त्याला उमगत नाही. शिलो येथे ती नुसते ओठ हलवून प्रार्थना करते, तर एली याजकाला ती प्यालेली वाटते! ती मनातले सांगते, मग तो आशीर्वाद देतो. ती परत जाते, जेवते, तिचा चेहरा खुलतो. शमुवेलचा जन्म त्यानंतरचा. मन हलके झाले ते आधीच, कोणीतरी ऐकून घेतले म्हणून.

कोकणातील आपल्या आज्यापणज्यांनी ही कथा नवसात उतरवली. एकोणिसाव्या शतकात नाझीरचा नवस रूढ होता. मूल नसलेली बाई बोलत असे, मुलगा झाला तर तो नाझीर होईल. सहा-सात वर्षे त्याचे केस कापीत नसत. मग ते उतरवून सोन्यारुप्याने तोलीत आणि तेवढे दान देत. शिवाय एलियाहू हन्नाबीचा मलिदा होताच. अलिबागजवळ खंडाळ्याच्या टाप्यावर आजही नवस बोलले जातात. घरात जे तोंडातून निघत नसे, ते चार बायकांत नारळ खोवताना निघत असेल, असे मला वाटते.

पण नवसाने सवत टळत नसे. मूल होत नसले की दुसरी बायको करण्याची चाल आपल्यातही होती. दोष कोणाचा, हे कोण तपासणार? आज डॉक्टर सांगतात, की सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. हे ऐकायला त्या आज्या राहिल्या नाहीत.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. इस्राएलात असे पहिले बाळ १९८२ सालचे. येथे तर दोन मुले होईपर्यंत या उपचाराचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो, वयाची अट असते एवढेच. पैशाची काळजी मिटली, हे थोडे नव्हे. मात्र इंजेक्शने घेऊन दमलेल्या बाईने ‘आता पुरे’ म्हटले, तर सासर-माहेर दोन्हींकडून ऐकू येते, ‘सरकार देते आहे ना, मग आणखी एकदा करून पाहा.’