कलशातला दुडू

कोरगावच्या आमच्या घरी चवथीच्या आदल्या दिवशी पूजेची तांब्याची भांडी चिंचेने घासली जात. त्यांच्याबरोबर कलशात घालायचे चार जुने पैसेही घासायला निघत. आजी त्यांना दुडू म्हणे.

पेडणे महाल 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तरी तेरेखोलपलीकडची सोयरीक आणि बाजार तुटला नाही. त्यामुळे नाणे दोन्ही काठांवर चालणे ही गरज होती. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि गोव्याची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत पडू लागली. रुपया सोळा टांगांचा झाला. पाव टांग हा तांब्याचा पैसा इंग्रजी पाव आण्याच्या जोडीचा. एका बाजूला दों लुईश राजाचे डोके, दुसरीकडे मुकुट. करार 1892 मध्ये संपला, पण पैसे घरोघरी राहिले.

नाणी जमवू लागल्यावर मला कळले, की तांब्याइतका हळवा धातू नाही. अमेरिकेत 1840 ते 1848 या वर्षांचे तांब्याचे अर्धे सेंट बाजारासाठी पाडलेच नव्हते. खास घासूनपुसून तयार केलेल्या ठशांनी मोजकीच नाणी काढली. त्यांना प्रूफ म्हणतात. मूळची लालसर झळाळी टिकली असेल तर संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ते मोजतात. पोर्तुगीजांच्या अलीकडच्या काही नाण्यांवरही ‘प्रोव्हा’, म्हणजे नमुना, असा शब्द उमटवलेला दिसतो. अशी नाणी कोणाच्या कनवटीला लागलेली नसतात.

आमचा दुडू नेमका उलट. भात, मीठ, होडीचे भाडे यांत तो झिजला असेल. उरलेले काम चिंचेने केले. आंबट लावले की तांबे चकाकते खरे, पण दर वेळी वरचा पापुद्रा जातो. त्याखालची काळसर तपकिरी छटा, जी नाण्याचे रक्षण करते, तीही जाते. मात्र हेही खरे, की कलशात नसता तर तो केव्हाच मोडीत गेला असता. देवाच्या पेटीनेच त्याला जपले आणि देवाच्याच नावाने तो घासला.

पाव टांगांवर 1881, 1884 आणि 1886 ही वर्षे आढळतात. आमच्या पैशावर भिंगातून ‘18’ एवढेच दिसते. गेल्या चवथीला मी पोचण्याआधीच काकीने चारही पैसे घासून पाटावर मांडले होते. “बघ, सोन्यासारखे झाले की नाही?” ती म्हणाली. मी हो म्हटले.