सुरक्षादोष, स्थानिक : वित्तीय सॉफ्टवेअरमधील

बँक, पतसंस्था, साखर कारखाना किंवा विकास सोसायटीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील असा दोष, की ज्याचा गैरवापर करायचा तर त्याच यंत्रावर प्रवेश आणि तिथले वरच्या दर्जाचे अधिकार आधीपासून हाती असावे लागतात. डेटाबेसचा पासवर्ड साध्या मजकुरात फाइलमध्ये पडून राहणे, लॉगमध्ये खातेक्रमांक उमटणे, दिवसअखेरीच्या प्रक्रियेतील तात्पुरत्या फाइली न पुसल्या जाणे, फोल्डरला गरजेपेक्षा जास्त परवानगी असणे, ही त्याची नेहमीची रूपे. अशा दोषांची गणना बहुधा ‘कमी तीव्रता’ या वर्गात होते.

मापन : दोषाची तीव्रता सीव्हीएसएस या सामायिक गुणांकन पद्धतीने ० ते १० गुणांत मोजतात. ०.१ ते ३.९ कमी, ४.० ते ६.९ मध्यम, ७.० ते ८.९ तीव्र आणि त्यावर अतितीव्र. या पद्धतीची ३.१ ही आवृत्ती २०१९ मध्ये, तर ४.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. हल्ला कोठून करता येतो आणि आधी कोणते अधिकार लागतात, या दोन बाबींवर गुण फार हलतात. ३.१ आवृत्तीच्या सूत्राने पाहिल्यास, थोडी गोपनीय माहिती उघड करणारा सोपा दोष नेटवर्कवरून व लॉगिनशिवाय वापरता येत असेल तर त्याला ५.३ गुण मिळतात. त्याच दोषासाठी यंत्रावर हजर असणे व उच्च अधिकार लागत असतील तर २.३. माहिती फुटण्याऐवजी नोंदी हव्या तशा बदलता येत असल्या, तरी या दुसऱ्या स्थितीत गुण ४.४ च्या पुढे जात नाहीत. खतावणीच बदलता येणे हा वित्तसंस्थेच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका. गुणांकनात तो ‘मध्यम’ ठरतो. मूळ गुण दोषाचे असतात, संस्थेचे नसतात. संस्थेची परिस्थिती जमेस धरून ते पुन्हा काढण्याची सोय पद्धतीतच आहे, आणि लहान संस्थांसाठी तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

सॉफ्टवेअर : फ्लेक्सक्यूब ही बँकिंग प्रणाली मुंबईतील आय-फ्लेक्स सोल्यूशन्सची. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडील हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर झाले. ओरॅकल आपल्या उत्पादनांच्या दुरुस्त्या दर तिमाहीस, जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरमध्ये, गुणांसह जाहीर करते. स्थानिक विक्रेत्यांकडून घेतलेल्या पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरला अशी जाहीर यादी क्वचितच असते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा : प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्ह्यात कारखाना, विकास सोसायटी आणि जिल्हा सहकारी बँक यांची साखळी तयार झाली. पीककर्ज सोसायटीमार्फत जाते आणि वसुली ऊसबिलातून होते, म्हणून एकाच शेतकऱ्याची नोंद तीन ठिकाणच्या हिशेबांत फिरते. एका ठिकाणी केलेला फेरफार दुसऱ्या ठिकाणी ताळा घेतल्याशिवाय दिसत नाही.

सोसायटीचे दप्तर गटसचिवाकडे असते आणि एका गटसचिवाकडे अनेकदा एकाहून अधिक संस्था असतात. नोंद करणारा आणि ती पास करणारा वेगळा असावा हा बँकेचा नियम येथे माणसांअभावी पाळणे कठीण जाते. एकच संगणक आणि एकच युजर आयडी असेल, तर ‘उच्च अधिकार लागतात’ ही अट संगणक सुरू करतानाच पूर्ण होते. गुण कमी करणारी अटच अशा कार्यालयात उरत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सामायिक सॉफ्टवेअरची जबाबदारी नाबार्डकडे आहे. डेटा मध्यवर्ती सर्व्हरवर गेल्याने स्थानिक यंत्रावरील दोषांचे क्षेत्र आकसते, पण अधिकारवाटपाचा प्रश्न कायम राहतो.

  

राज्यातील जवळची उदाहरणे : पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचा गैरव्यवहार २०१८ मध्ये उघड झाला. तेथे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून हमीसंदेश गेले, पण स्विफ्ट व बँकेची मुख्य हिशेबप्रणाली (कोअर बँकिंग) जोडलेले नसल्याने त्यांची नोंद मुख्य हिशेबात उमटली नाही. बाहेरून कोणी घुसावे लागले नाही. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. तक्रारीनुसार तेथे एचडीआयएल या बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली आणि मूळ खाती पाहण्याचा अधिकार मोजक्याच कर्मचाऱ्यांना होता. दोन्ही प्रकरणांत सॉफ्टवेअरमधील दोषापेक्षा विशेषाधिकाराचा वापर ठळक आहे. तरीही या नोंदीत त्यांना जागा दिली आहे, कारण स्थानिक दोष ज्याच्या हाती पडतो तो माणूस असाच आतला असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील ऑगस्ट २०१८ चा सुमारे ९४ कोटी रुपयांचा हल्ला बाहेरून झाला. तो निराळा प्रकार.

नियमन : नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर पाडले. सायबर घटना सहा तासांत कळवावी आणि लॉग १८० दिवस जपावेत, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी फेरफारनोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली. तो नियम कंपनी कायद्याखालील आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या पतसंस्था व सोसायट्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आतल्या माणसाने केलेला बदल पकडण्याचे सर्वांत स्वस्त साधन त्यामुळे नेमके तेथेच सक्तीचे नाही, जेथे एका हाती सर्व अधिकार असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

उपाय : स्वतंत्र युजर आयडी, नोंद व मंजुरी यांची विभागणी, वेळेवर दुरुस्त्या आणि लेखापरीक्षकाकडून लॉगची तपासणी.